‘कट् आवाज आला म्हणजे मणका जागेवर बसला’ हे खरं नाहीये

ऑफिसच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, सोबत मान मोडतानाचा व्हिडिओ. मजकूर साधारण असा: दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून मणके जागचे सरकतात, त्याने नस दबते, कायरोप्रॅक्टरने (म्हणजे हाताने झटका देऊन मणक्यांवर उपचार करणाऱ्याने) कट् करून दाबलं की मणका जागेवर येतो, औषध नाही, साइड इफेक्ट नाही, म्हणून दर महिन्याला एकदा सेटिंग करून घ्याच. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यातल्या आयटीवाल्यांच्या आखडलेल्या माना आणि धरलेल्या कंबरा रोज बघते, आणि हा मेसेज वाचून घाबरलेली माणसंही बघते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा, मणका सरकतो. खुर्चीत बसून मणका सरकत नाही हो. डिस्क (दोन मणक्यांमधली गादी), लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारे पट्टे), सांधे आणि स्नायू मिळून त्याला इतकं घट्ट धरून असतात की तो असा रोज सरकला असता तर चालणंच मुश्किल झालं असतं, आणि ज्यांचा खरंच सरकलेला असतो त्यांचा एक्स-रेत दिसतो, तो हाताने ढकलून बसवायचा नसतो. ही कल्पना आली १८९५ मध्ये, अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावात. डी. डी. पामर नावाचा चुंबकीय उपचार करणारा माणूस, त्याचा दावा असा की एकाचा मणका दाबला आणि त्याचं बहिरेपण गेलं. ऐकू येण्याची नस पाठीच्या मणक्यातून जातच नाही! ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी जी कौन्सिल आहे तिनेच २०१० मध्ये सांगितलं की सरकलेल्या मणक्यामुळे आजार होतात या म्हणण्याला संशोधनाचा आधार नाही.

इथेच ते ‘मणक्यात गॅप’ प्रकरण पण येतं. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये डिस्क झिजली किंवा डिस्क बल्ज, म्हणजे ती बाहेर फुगली, असं वाचलं की लोकांची झोप उडते, पण काहीच दुखत नसलेल्या माणसांचे स्कॅन एकत्र करून २०१५ मध्ये पाहिलं गेलं तेव्हा विशीतल्या ३७ टक्के लोकांत डिस्कची झीज होती आणि ऐंशीच्या लोकांत ९६ टक्के. म्हणजे केस पिकतात तशीच ही गोष्ट, आणि नुसत्या रिपोर्टवरून दुखण्याचं कारण ठरत नाही.

आवाजाचं म्हणाल तर बोटं मोडताना येतो तोच हा आवाज. कॅनडात अल्बर्टा युनिव्हर्सिटीत २०१५ मध्ये चालू एमआरआयमध्ये बोटं ओढून पाहिली, सांध्याचे पृष्ठभाग एकदम वेगळे होतात तेव्हा आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो कट्. हाड जागेवर बसल्याचा नाही.

मग बरं का वाटतं? वाटतं, खरंच वाटतं, ते मी नाकारत नाही. स्नायू थोडा वेळ सैल पडतात, मान जास्त वळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही जुन्या कंबरदुखीसाठी असा हाताने केलेला उपचार एक पर्याय म्हणून आहे, व्यायामासोबत. पण व्यायामासारख्या उपचारांशी तुलना केली तर फायदा साधारण तेवढाच निघतो, त्यामुळे मेसेजमधल्या चमत्काराला आधार नाही.

‘साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य मात्र मला फार खटकतं. मानेच्या मणक्यांच्या भोकांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. मानेला झटका दिल्यावर त्यांना आतून चीर पडून स्ट्रोक आल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. हे दुर्मिळ आहे, आणि काहींची चीर आधीच पडलेली असून त्यानेच मान दुखत असते हेही खरं, पण अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्येच म्हटलंय की झटका देण्याआधी पेशंटला हा धोका सांगायला हवा. रीलमध्ये कोण सांगतं? आणि आपल्याकडे कायरोप्रॅक्टरसाठी वेगळी नोंदणी परिषद नाही, समोरचा कुठे, किती शिकलाय ते तुम्हालाच विचारावं लागतं.

राहिलं दर महिन्याचं. स्वीडनमध्ये २०१८ साली एक अभ्यास झाला, ज्यांची कंबर वारंवार धरते आणि ज्यांना आधी याने गुण आलाय अशांना नियमित गेल्यावर वर्षात साधारण १३ दिवस त्रास कमी झाला. ठीक, पण मेसेज तर काहीच न दुखणाऱ्यांनाही पाठवतोय.

त्यापेक्षा डेन्मार्कमध्ये मान-खांदे दुखणाऱ्या १९८ जणांवर २०११ मध्ये जे केलं ते करा ना, रबरी पट्टा पायाखाली धरून हात बाजूला खांद्यापर्यंत उचलायचे, आठवड्यातले पाच दिवस, रोज फक्त २ मिनिटं, १० आठवडे. दुखणं कमी झालं, आणि १२ मिनिटं करणाऱ्यांचंही साधारण तेवढंच. पट्टा कुठल्याही स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतो. मध्ये मध्ये उठा, लॅपटॉप स्टँडवर ठेवा, वेगळा कीबोर्ड घ्या. पण पायात ताकद कमी वाटतेय, लघवीवर ताबा राहत नाहीये, बसायच्या जागी बधिर झालंय, किंवा मानदुखीसोबत अचानक दोन-दोन दिसतंय, बोलणं अडखळतंय, तोल जातोय, तर व्यायाम नको, मालिश नको, सेटिंग तर नकोच, त्याच दिवशी थेट हॉस्पिटल गाठा.