तिरक्या इंग्रजी अक्षरांबद्दलचा तो मेसेज: खुलासा

लग्नसराई तोंडावर आल्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या छपाईवाल्यांत एक मेसेज फिरतोय: ‘इटालिक अक्षरं बोडोनीने लग्नपत्रिकांसाठी काढली, कोणताही टाइप तिरका केला की इटालिक झालं, मराठीसुद्धा.’ यातलं काहीच बरोबर नाही.

इटालिक अक्षरांचे छपाईचे ठसे व्हेनिसचा मुद्रक-प्रकाशक आल्डुस मानुतियुस याच्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफोने कापले. त्या अक्षरांत अख्खं पुस्तक छापलं गेलं १५०१ साली, रोमन कवी व्हर्जिलचं, हातात मावेल अशा आकारात. इटलीतल्या पार्माचा मुद्रक बोडोनी जन्मलाच १७४० मध्ये. जाड रेघ ठसठशीत आणि बारीक रेघ केसाएवढी, हा डौल मात्र त्याचा आणि पॅरिसच्या दिदो या मुद्रक घराण्याचा.

खरं इटालिक नुसतं कलत नाही, अक्षराचं वळणच बदलतं. लहान लिपीतला दुमजली ‘a’ (डोक्यावर वळण असलेला) हाताने लिहितो तसा एकमजली होतो. देवनागरीचा जाड-बारीकपणा बोरूच्या तिरक्या कापातून आलेला. ती यंत्राने कलवली की शिरोरेषा आडवीच राहते, काना तेवढा झुकतो. मला ते बघवत नाही. आपल्या लिपीवर हा अन्याय आहे.

पत्रिकेवर वधूवरांची इंग्रजी नावं बोडोनी वळणाच्या इटालिक टाइपात मोठी घ्या, सुंदरच दिसतील. पण मरून रंगाच्या कागदावर सोनेरी फॉइलमध्ये याच टाइपात बारीक पत्ता घातलात तर केसासारख्या रेघा तुटतात किंवा बुजतात, आणि बेळगावच्या खडे बाजारातून हौसेने छापून आणलेल्या पत्रिकेवरचा फोन नंबर आजोबांना वाचता येत नाही. पत्ता, वेळ, नंबर साध्या उभ्या टाइपात घ्या.