पाचवी तार मिरवायला घेतलेली नाही : ‘बेसवाला’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नव्या पाच तारांच्या बेसबद्दल, म्हणजे बेस गिटारबद्दल, मी जे लिहिलं, त्याखाली ‘बेसवाला’ या टोपणनावानं एक प्रतिक्रिया आली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : इतक्या लवकर लिहिणं म्हणजे जाहिरात. वजनाचा उल्लेख नाही. खालच्या बी तारेचा, म्हणजे या जादा पाचव्या तारेचा, सूर मंडपातल्या स्पीकरमधून निघतच नाही. खाली जायची एवढी हौस असेल तर चार तारांतली सगळ्यात खालची ई तार उतरवून डी सुरात लावावी. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं : ‘बेळगावात गणपतीला ऑर्केस्ट्रा वाजवणाऱ्याला पाच तारा कशाला, शायनिंग मारायला?’

वजनाचं मान्य. ते लिहायला हवं होतं. चार किलोच्या आसपास आहे, रुंद पट्टा लावला की खांद्याला जाणवत नाही. मूळ लेखात आता ते घातलंय.

पण शेवटचं वाक्य तुम्ही कुठल्या अधिकारानं लिहिलंत? गणपतीतला ऑर्केस्ट्रा म्हणजे कमी प्रतीचं वादन, हे तुम्ही गृहीतच धरलंय. खडे बाजारातल्या मंडपापासून खानापूर, निपाणीच्या लग्नांपर्यंत मी वाजवत आलोय. लाल बसच्या मागच्या सीटवर बेस मांडीवर घेऊन रात्री परतलोय. माझं पहिलं वाद्य चारच तारांचं होतं, तेही दुसऱ्याचं मागून आणलेलं. कॅम्पातल्या ज्या सरांनी शिकवलं, ते गोव्याच्या बँडमध्ये वाजवलेले. बोट फ्रेटच्या, म्हणजे गळ्यावरच्या आडव्या पट्टीच्या, मागे अर्धा इंच पडलं तरी ते गाणं थांबवायचे. तुमच्या टोमण्यात दडलेला ‘चार तारा तरी धड येतात का’ हा प्रश्न मला तिथंच विचारून झालाय.

आता तार कशाला, ते सांगतो. आमच्याकडे एका रात्रीत मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही गाणी होतात आणि गाणारा बदलला की पट्टी बदलते. एकजण पेटीच्या काळी एकमध्ये गाणार, लगेच दुसरी काळी पाच मागणार. चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालचा सूर ई, म्हणजे पांढरी तीन. काळी एकच्या गाण्यात षड्जावरून खाली उतरायला लागलो की नी, ध, प, म करत गंधारापर्यंत येतो आणि तार संपते. रिषभ आणि खालचा षड्ज राहूनच जातात. मग उडी मारून वर जायचं, आणि ओळ जिथं टेकायला हवी तिथंच ती उचलली जाते. पाच तारांवर तो षड्ज बी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर मिळतो. काळी दोनचा चौथ्यावर. शिवाय पांढरी तीन पाचव्या फ्रेटवर, त्यामुळे हात गळ्याच्या मधोमध राहतो आणि मोकळ्या तारेकडे धावावं लागत नाही. तुमच्या ‘डी’नं काय होणार? डी म्हणजे पांढरी दोन. काळी एक त्याच्याही खाली. आणि ई तारेवरची बोटं सगळ्या गाण्यांत दोन घरं सरकवून वाजवायची, ते वेगळंच.

इतकी वर्षं हा खालचा भाग आमच्याकडे कीबोर्डवाल्याचा डावा हात सांभाळायचा. बाहेरही तसंच झालं. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझरचा बेस ईच्या खाली जायला लागला, तेव्हा बेसवाल्यांनाही खालची बी हवीशी झाली. ही काही कालची फॅशन नाही. फेंडर या गिटार कंपनीनं पाच तारांचा बेस 1965 मध्येच काढला होता, फक्त त्यात जादा तार वरच्या सुराची होती. म्युझिक मॅन या दुसऱ्या कंपनीचा खालच्या बीचा पाच तारांचा बेस 1987 चा.

परवा तालमीत काळी एकचा अभंग धरला आणि शेवटच्या समेला दुसऱ्या फ्रेटवर टेकलो. तबलेवाले काका मान वर करून म्हणाले, ‘आज खाली भरल्यासारखं लागायलंय की.’ त्यांना मी तारेबद्दल काही सांगितलं नव्हतं.

अडचणी मी लपवलेल्या नाहीत, लेख नीट वाचा. तारांमधलं अंतर कमी, त्यामुळे दोन तारा एकदम लागतात. ए तार वाजवली की बी आपोआप घुमायला लागते. म्हणून उजवा अंगठा पिकअपवर (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या पट्टीवर) न ठेवता बी तारेवरच टेकवायचा आणि डी तारेकडे सरकलो की तो ईवर आणून त्याच्याच कडेनं बी दाबून धरायची. या अंगठ्याची सवय अजून व्हायचीय.

स्पीकरबद्दल : मोकळ्या बीचा मूळ सूर 31 हर्ट्झचा, तो लहान स्पीकर देत नाही. पण त्याचे 62, 93 चे उपस्वर (मूळ सुराबरोबर आपोआप निघणारे वरचे सूर) देतो आणि कान त्यावरून खालचा सूर धरतो. ईच्या 41 चंही तेच आहे, त्यावर आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

जाहिरातीचा आरोप मी उत्तर देण्याच्या लायकीचा समजत नाही. दुकानाचं नाव लेखात कुठं दिसलं ते दाखवा.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. मात्र पुढच्या वेळी आमच्या मंडपातल्या वादकांना उद्देशून असलं काही लिहिलंत, तर ते इथं राहणार नाही.