एका रविवारात मुंबईचा निकाल लावणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याने एक लांबलचक मेसेज टाकला आणि खाली विचारलं, "मावशी, यात चुकीचं काय आहे?" तो एकोणीस वर्षांचा आहे, अजून एकदाही मत दिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग ऑफिसातल्या. खाली अंगठ्यांची रांग. तेव्हा वाटलं, तुकड्यातुकड्याने उत्तरं देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं.

मेसेज थोडक्यात असा: ब्रिटनने २०१६ साली युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं हा प्रश्न सार्वमत घेऊन एका दिवसात सोडवला. कौल स्पष्ट होता, पण देशद्रोही खासदारांनी आणि न्यायाधीशांनी तो अडवून धरला. तरी शेवटी जनता जिंकली, आठवड्याला ३५ कोटी पौंड वाचले आणि देश एकदिलाने उभा राहिला. आपल्याकडे लोकांना कधी कोणी विचारलंच नाही. म्हणून आता मुंबईकरांना विचारा: महाराष्ट्रात राहायचं की वेगळं व्हायचं? एका रविवारी मतदान, सोमवारी निकाल, विषय संपला.

"एका दिवसात सोडवला"

मतदान एका दिवसात झालं, २३ जून २०१६ रोजी. खरं आहे ते एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी राजीनामा जाहीर केला. पौंड १९८५ नंतरच्या नीचांकावर गेला. विरोधी मजूर पक्षात चारच दिवसांत नेत्याविरुद्ध अविश्वास ठराव झाला आणि तो १७२ विरुद्ध ४० मतांनी मंजूर झाला. पुन्हा सार्वमत घ्या म्हणणाऱ्या अर्जावर चाळीस लाखांहून जास्त सह्या पडल्या. देश कोण चालवतंय आणि पुढे काय होणार हे त्या आठवड्यात लंडनमध्ये कोणालाच सांगता येत नव्हतं. बाहेर पडायचा प्रचार केलेल्या नेत्यांकडेही बाहेर पडण्याचा लिहून काढलेला आराखडा नव्हता.

प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडला. मधल्या काळात दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. थेरेसा मे यांचं पंतप्रधानपद याच प्रश्नावर गेलं. बाहेर पडण्याच्या अटींचा त्यांनी युरोपशी केलेला करार १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला, मार्चमध्ये आणखी दोनदा फेटाळला गेला. त्याच मार्चमध्ये खासदारांसमोर आठ वेगवेगळे पर्याय ठेवले. एकालाही बहुमत मिळालं नाही. तीन वर्षांनंतर ही अवस्था असेल तर "सोडवला" कशाच्या जोरावर म्हणायचं?

आणि "विषय कायमचा संपतो" म्हणणाऱ्यांसाठी: ब्रिटनने याच प्रश्नावर १९७५ सालीही सार्वमत घेतलं होतं. तेव्हा ६७ टक्के लोक राहण्याच्या बाजूने होते, तरी ४१ वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. स्कॉटलंडने २०१४ मध्ये ५५ टक्क्यांनी ब्रिटनमध्ये राहायचं ठरवलं, आणि २०१६ च्या निकालानंतर चोवीस तासांच्या आत तिथल्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन यांनी दुसऱ्या सार्वमताची भाषा सुरू केली.

"कौल स्पष्ट होता"

५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के. १ कोटी ७४ लाख विरुद्ध १ कोटी ६१ लाख. मतदान ७२ टक्के झालं, आधीच्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीपेक्षा जास्त, आणि हे मला मान्य करावं लागतं: इंग्लंडच्या ज्या गावांतले कारखाने आणि खाणी बंद पडल्या, जिथे नेते फक्त मतं मागायला जायचे, तिथल्या माणसांना पहिल्यांदा वाटलं की आपल्या मताने काही हलतं. संडरलंडमध्ये ६१ टक्के लोकांनी बाहेर पडण्यासाठी मत दिलं. त्यांना अडाणी म्हणून हिणवणारे मेसेजही तेव्हा फिरले होते, तेही तितकेच चुकीचे.

पण स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के, उत्तर आयर्लंडमध्ये जवळजवळ ५६ टक्के आणि लंडनमध्ये ६० टक्के लोकांना राहायचं होतं. शिवाय मतपत्रिकेवरचा प्रश्न होता फक्त "राहायचं की बाहेर पडायचं". बाहेर पडायचं म्हणजे सामायिक बाजारपेठेत राहून की तीही सोडून? जकात संघाचं, म्हणजे आपसात जकात न घेणाऱ्या देशांच्या गटाचं काय? ब्रिटनमधला उत्तर आयर्लंड आणि स्वतंत्र आयर्लंड यांच्या सीमेचं काय, जिथे वर्षानुवर्षांच्या रक्तपातानंतर तपासणी नाकी उठली होती? यातलं काहीच मतदाराला विचारलं नव्हतं. त्यामुळे ५२ टक्क्यांच्या आतच चार-पाच वेगवेगळी मतं होती आणि प्रत्येक गट म्हणत होता, जनतेने मला कौल दिला.

"देशद्रोही खासदार आणि न्यायाधीश"

माझा खरा संताप या ओळीवर आहे. भाच्याने ही ओळ वाचली, त्याला ती खटकली नाही, याची मला काळजी वाटते.

आधी न्यायालयाचं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०१७ रोजी जीना मिलर या नागरिकाने सरकारविरुद्ध लढलेल्या खटल्यात ८ विरुद्ध ३ असा निकाल दिला. तो निकाल कोणालाही वाचता येतो, आणि या मेसेजमधल्या अर्ध्या गोष्टी तो एकटा खोडून काढतो. न्यायालयाने युरोपीय संघात राहावं की नाही यावर एक शब्दही मत दिलं नाही, उलट तो आमचा विषयच नाही असं स्पष्ट केलं. म्हणणं इतकंच होतं: सार्वमताचा २०१५ चा कायदा सार्वमत घ्या असं सांगतो, निकालानंतर काय व्हावं हे सांगत नाही. संसदेने केलेल्या कायद्याने लोकांना जे हक्क मिळाले, ते सरकार संसदेला बाजूला ठेवून बाहेर पडण्याच्या एका पत्राने काढून घेऊ शकत नाही. त्यासाठी संसदेनेच कायदा करायचा.

मग संसदेने अडवलं का? आठवड्याभरात ते विधेयक सभागृहात आलं आणि पहिल्या मोठ्या मतदानात ४९८ विरुद्ध ११४ मतांनी पुढे गेलं. २९ मार्च २०१७ रोजी बाहेर पडण्याची नोटीस युरोपला रीतसर दिली गेली. ज्या खासदारांना हा मेसेज देशद्रोही म्हणतो त्यांतल्या शेकडो जणांनी स्वतःचं मत बाजूला ठेवून लोकांच्या कौलाला वाट करून दिली. पुढे मे यांचा करार पडला, त्यात त्यांच्याच पक्षाच्या ११८ खासदारांची विरोधी मतं होती आणि त्यात बाहेर पडण्याचे सर्वांत कडवे पुरस्कर्ते होते. बोरिस जॉन्सन त्यांतले एक. म्हणजे कौल "अडवणाऱ्यांत" कौलाचे झेंडेकरीही होते. मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याने लिहू नये, आणि माहीत असेल तर तो मुद्दाम खोटं पसरवतो आहे.

आता "देशद्रोही" या शब्दाने काय केलं ते. मतदानाच्या आठवडाभर आधी, १६ जून २०१६ रोजी, जो कॉक्स या मजूर पक्षाच्या खासदाराचा त्यांच्याच मतदारसंघात भररस्त्यात खून झाला. गोळ्या घालून आणि भोसकून. त्या मतदारांना भेटायला निघाल्या होत्या. वय ४१, घरी दोन लहान मुलं. मारेकऱ्याला न्यायालयात नाव विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, "गद्दारांना मृत्यू, ब्रिटनला स्वातंत्र्य." यानंतर तरी जिभेला लगाम बसायला हवा होता. पाच महिन्यांच्या आत, नोव्हेंबरमध्ये, उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांचे फोटो 'डेली मेल'ने पहिल्या पानावर छापले आणि वर मथळा दिला: जनतेचे शत्रू. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनीही मिलर खटल्यात संसदेला विचारा असं सांगितलं होतं.

"देश एकदिलाने उभा राहिला" या वाक्याचं उत्तरही इथेच आहे. जुलै २०१६ मध्ये ब्रिटनच्या गृहखात्याच्या आकड्यांनुसार वंश आणि धर्मावरून झालेले गुन्हे आधीच्या वर्षीच्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त नोंदले गेले. निकालाच्या त्याच शनिवार-रविवारी लंडनच्या हॅमरस्मिथ भागातल्या पोलिश लोकांच्या सांस्कृतिक केंद्राच्या दारावर शिवीगाळ लिहिलेली सापडली. ते लोक कालपर्यंत शेजारी होते, मतदानाने रातोरात परके झाले. मुंबईत "तू इथला नाहीस" हे वाक्य कोणाकोणाला ऐकवलं गेलं आहे आणि त्यातून काय काय घडलं आहे हे मला सांगायला नको. तेच वाक्य मतपत्रिकेवर छापा, असं हा मेसेज सांगतो.

"३५ कोटी पौंड वाचले"

यावर फार वेळ घालवत नाही. प्रचाराच्या लाल बसवर हा आकडा रंगवला होता. ब्रिटनला युरोपकडून जी सूट मिळायची ती वजा न करताच तो काढला होता, म्हणजे ती रक्कम मुळात पूर्ण जातच नव्हती. तिथल्या सरकारी सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानाआधीच तो दिशाभूल करणारा ठरवला होता. निकालाच्या सकाळी, बाहेर पडण्याच्या चळवळीतलं सर्वांत गाजलेलं नाव असलेल्या नायजेल फराज यांना टीव्हीवर विचारलं, हे पैसे दवाखान्यांना मिळतील का? हमी देता येणार नाही, असं ते म्हणाले, आणि तो दावा करणं ही चूक होती असंही म्हणाले. मेसेज मात्र अजून तोच आकडा छातीठोकपणे मिरवतो.

"आपल्याकडे कधी विचारलंच नाही"

हे मराठी माणसाने पुढे पाठवावं, याचं वाईट वाटलं. जुनागढमध्ये १९४८ ला आणि सिक्कीममध्ये १९७५ ला लोकांचं मत घेतलं, तेही क्षणभर सोडून देऊ. गोवा कसा विसरलात? १६ जानेवारी १९६७. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित म्हणून वेगळं राहायचं, यावर जनमत कौल झाला. विलीनीकरणाला चिन्ह फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. १,३८,१७० मतं फुलाला, १,७२,१९१ मतं दोन पानांना. इथे मुंबईत विलीनीकरणाची स्वप्नं पाहणाऱ्या पिढीच्या तो निकाल जिव्हारी लागला होता, माझ्या वडिलांच्याही.

गोव्याचं उदाहरण काही अंशी माझ्याविरुद्ध जातं, कारण त्या कौलाने विलीनीकरणाचा प्रश्न खरोखरच मिटला. पण कसा, तेही पाहा. त्यासाठी संसदेने १९६६ साली स्वतंत्र कायदा केला होता. दोन्ही उत्तरांचा अर्थ आधीपासून स्पष्ट होता. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः विलीनीकरणाचे पुढारी होते. कौल निःपक्ष व्हावा म्हणून त्यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. हरल्यावर त्यांनी कोणाला गद्दार म्हटलं नाही, निकाल मानला, आणि काही आठवड्यांतच निवडणूक लढवून त्याच गोव्याच्या लोकांच्या मतांवर पुन्हा मुख्यमंत्री झाले. तरीसुद्धा कोकणी-मराठीचा वाद पुढे वीस वर्षं धुमसत राहिला. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ चा शांतता करार ७१ टक्क्यांनी मंजूर झाला, तेव्हाही कराराची छापील प्रत आधी घरोघर पोचवली होती. लोकांनी तयार मजकुरावर हो म्हटलं. २०१६ मध्ये मजकूरच नव्हता.

राहिली मुंबई. या शहराला लोकांचा कौल नको होता असं कोणी म्हणू नये. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, शंभरावर माणसं त्या लढ्यात गेली, चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रीपद सोडलं. १९५७ च्या निवडणुकीत लोकांनी संयुक्त महाराष्ट्र समितीला भरभरून मतं दिली आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. आणि राज्यांच्या सीमा बदलायच्या तर संविधानाचं तिसरं कलम तो अधिकार संसदेला देतं. रविवारचा कौल सोमवारी आपोआप अमलात येत नाही.

समजा आलाच, तरी मत कोणाला? ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्या, कर भरणाऱ्या बहुतेक युरोपीय नागरिकांना २०१६ मध्ये मत नव्हतं, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना नव्हतं, जरी स्कॉटलंडने २०१४ मध्ये त्या मुलांना दिलं होतं. मग विरार, बदलापूर, पनवेलहून रोज लोकलला लटकून येणारा माणूस मुंबईकर धरायचा की नाही? शहराला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच शहरात आहेत. वैतरणा, तानसा, भातसा बाहेर आहेत, ठाणे, पालघर, नाशिककडे. एकट्या भातसातून जवळजवळ अर्धं पाणी येतं, आणि ते धरण आहे शहापूर तालुक्यात, जिथल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्या पाड्यांवरच्या लोकांना या रविवारी मत आहे का? मेसेज दोनदा वाचला, त्यांच्याबद्दल एक ओळ नाही.