नवा बोर्ड लावण्याआधी: निपाणीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार साहेब,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रास्पबेरी पाय (एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर, खाली नुसतं 'पाय') बंद पडला की मीटर घेऊन दोन दिवस घालवण्यापेक्षा सरळ नवा बोर्ड लावावा. तुम्ही बोर्ड, अडॅप्टर, मेमरी कार्ड सगळं नवं आणलंत, दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं, म्हणजे जुना बोर्डच खराब होता. शिवाय बोर्ड खरोखर गेलाय हे ओळखायचं कसं, ते 'आधी मीटरनं तपासा' म्हणणाऱ्या माझ्या लेखात कुठंच नाही.

शेवटची तक्रार शंभर टक्के खरी. ते लिहायला हवं होतं, खाली लिहितो. पण आधीचं मला पटत नाही. तीन वस्तू एकदम बदलल्यावर दोष बोर्डाचाच होता हे कशावरून? तोच जुना बोर्ड नव्या अडॅप्टरवर एकदा लावून बघा की.

मी हे आग्रहानं का म्हणतो ते सांगतो. इथं बेळगावात वडगावला एका मागाच्या शेडमध्ये धोट्याच्या फेऱ्या मोजायला पाय ४ बसवला होता. पेनड्राइव्ह मधेच गायब व्हायचा, मोजणी अडायची. मालक म्हणाले, "बोर्ड गेला, दुसरा आणा." मी बोर्ड बंद न करता आधी 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ही कमांड दिली. उत्तर आलं ०एक्स५००००. म्हणजे सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि बोर्डानं स्वतःचा वेग कमी केला होता. ही नोंद रीस्टार्ट केली की पुसली जाते, म्हणून बटण दाबण्याआधी विचारायचं. मग मीटरच्या सुया बोर्डाच्या पिन २ (५ व्होल्ट) आणि ६ (ग्राउंड) वर टेकवल्या. अडॅप्टरच्या तोंडाशी ५.१ व्होल्ट, बोर्डावर मात्र ४.६ च्या आसपास. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय कमी व्होल्टेजची तक्रार करतो, लाल दिवाही विझतो. वायर मोबाइलची, बारीक आणि लांब होती. फक्त वायर बदलली, बाकी कशाला हात लावला नाही. तो बोर्ड आजही तिथंच चालतोय. चार माग चालवणाऱ्या माणसाला एका बोर्डाचे पैसे लहान नसतात हो.

आता तुमचा प्रश्न. पाय ४ खरंच गेलाय का? कार्ड, पेनड्राइव्ह, सेन्सर सगळं काढा, चांगलं अडॅप्टर आणि मॉनिटर एवढंच जोडा. कार्ड नसतानाही बूटलोडरची (बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) माहिती पडद्यावर दिसायला हवी. नाही दिसली तर दुसऱ्या कार्डावर बूटलोडर दुरुस्तीची इमेज घालून लावा. हिरवा दिवा भराभर लुकलुकत राहिला आणि पडदा हिरवा झाला तर बोर्ड जिवंत आहे. हिरवा दिवा मोजून चार वेळा लुकलुकत असेल तर बूटची फाइल सापडत नाही, म्हणजे संशय कार्डावर. आठ वेळा असेल तर रॅमचा दोष, तिथं आपला इलाज नाही. आणि पिन १ (३.३ व्होल्टची) व ६ मध्ये ३.३ व्होल्ट येतच नसतील, तर वीज बंद करून त्याच दोन पिनांमधला रेझिस्टन्स बघा. जवळपास शून्य आला की शॉर्ट आहे. अशा बोर्डाला मीसुद्धा मेलाच म्हणतो.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रतिक्रियेतून कळली आणि मला चैन पडेना. तुमचा प्रॉक्सिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आली की सिग्नल देणारा) २४ व्होल्टचा आहे आणि वायर सरळ पिनवर आहे. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या, ५ व्होल्टसुद्धा त्यांना सोसत नाहीत. मधे ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशानं पुढं देऊन दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणारा भाग) घातल्याशिवाय ती वायर ठेवू नका. जुना बोर्ड खरंच गेला असेल तर बहुधा याच वाटेनं गेला असेल, आणि नवाही त्याच वाटेवर आहे.

आज वीज बंद करून आधी ती वायर काढा. जुना बोर्ड भंगारात टाकू नका, वर सांगितल्याप्रमाणे पिन १ आणि ६ मधले दोन्ही आकडे घेऊन इथंच लिहा. पुढचं आपण मिळून बघू.