पैसे आपले, कोड त्यांचा

वॉशिंग्टनच्या एखाद्या फेडरल खात्यात तुमची नेमणूक झाली आणि टेबलावर पहिलीच फाइल आली ती खात्यासाठी खास सॉफ्टवेअर बनवून घेण्याची, तर आधी अभिनंदन! आता एवढंच सांभाळायचं, की सॉफ्टवेअर खात्यात यावं, पण खात्याचं होऊ नये.

सुरुवात नियम वाचून करा. न वाचता नियम मोडता येतो, पण शिताफीने टाळता येत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने एम-१६-२१ हे परिपत्रक काढलं. ते म्हणतं, हवं ते सॉफ्टवेअर आधी दुसऱ्या खात्याकडे शोधा, मग बाजारात शोधा, कुठेच नसेल तर नव्याने बनवून घ्या. बनवून घेतलंत तर इतर खात्यांनाही वापरता येईल एवढे हक्क करारात मागून घ्या. शिवाय त्या वेळी तीन वर्षांचा प्रयोग म्हणून सांगितलं होतं, की नव्या कोडचा, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या सूचनांनी लिहिलेलं असतं त्यांचा, किमान २० टक्के भाग सर्वांसाठी खुला करा. पहिल्या दोन पायऱ्यांना ‘आमची कार्यपद्धती वेगळी आहे’ हा एक शेरा पुरतो. रजेचा अर्ज मंजूर करण्याची रीतसुद्धा दर खात्यात निराळीच असते, हे कोण नाकारणार?

मग गरजा ठरवायच्या. म्हणजे ठरवायच्या नाहीत. तपासाच्या फाइली संगणकावर आणणाऱ्या, एफबीआयच्या ‘व्हर्च्युअल केस फाइल’ या सॉफ्टवेअरचा आदर्श समोर ठेवा. गरजा धड ठरल्या नाहीत, वर काम चालू असताना बदलत राहिल्या, आणि सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. वापरणाऱ्या माणसाला तर चुकूनही भेटू नका, तो कामाचं बोलतो. आरोग्य विमा घेण्यासाठीचं सरकारी संकेतस्थळ हेल्थकेअर डॉट गव्ह १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालं, तेव्हा पहिल्या दिवशी सहा जणांचीच नोंदणी पूर्ण झाली. पण अहवालात ‘सेवा कार्यान्वित’ लिहायला सहा माणसं भरपूर झाली.

खरी कला मात्र हक्कांच्या कलमात आहे. संरक्षण खात्याचे नियम ढोबळमानाने असे: काम पूर्ण सरकारी पैशातून झालं तर कोड वापरण्याचे, बदलण्याचे, वाटण्याचे अमर्याद हक्क, पैसा दोघांचा असेल तर सरकारी कामापुरते, आणि कंत्राटदाराने स्वखर्चाने केलं असेल तर अगदी बेताचे. तेव्हा कंत्राटदार म्हणाला, ‘मधला भाग आमच्या जुन्या लायब्ररीचा, म्हणजे आधीच तयार असलेल्या कोडचा आहे,’ तर मान डोलवा. कुठला भाग, कोणाच्या खर्चाने, असले प्रश्न विचारणं असभ्यपणाचं.

आणि समजा, हक्क अमर्याद मिळालेच, तरी धीर सोडू नका. हक्क मिळणं वेगळं आणि कोड हातात पडणं वेगळं. सुपूर्द करायच्या वस्तूंच्या यादीत ‘सोर्स कोड’ हे दोन शब्द घालायचे राहून गेले, की अमर्याद हक्क फाइलीत सुखाने झोपतात. एखाद्या आगाऊ कनिष्ठाने ते शब्द घातलेच, तर ताबा घेण्याच्या दिवशी झिप फाइल उघडू नका. आत कोड असेल, पण तो बिल्ड कसा करायचा, म्हणजे त्यातून चालतं सॉफ्टवेअर कसं बनवायचं, याचा कागद नसेल, लागणारी एक लायब्ररी कंत्राटदाराच्या सर्व्हरवर असेल, आणि त्या सर्व्हरचा पासवर्ड गेल्या महिन्यात नोकरी सोडून गेलेल्या मुलाकडे असेल. फाइलचा आकार बघा, ‘प्राप्त’ असा शेरा मारा, सही करा. पुढची देखभाल ओघानेच त्याच कंत्राटदाराकडे जाते. घर आपण बांधून द्यायचं आणि वर भाडंही आपणच भरायचं, यालाच दीर्घकालीन भागीदारी म्हणतात.

डिसेंबर २०२४ मध्ये ‘शेअर आयटी’ कायदा आला. बनवून घेतलेला कोड खात्यांनी एकमेकांना द्यावा, असं तो सांगतो. गोपनीय कोड, राष्ट्रीय सुरक्षा, लोकांची खासगी माहिती यांना त्यात सूट आहे, आणि ती योग्यही आहे. तुम्ही फक्त कल्पकता दाखवायची. बैठकीची खोली आरक्षित करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून कोण कोणाला कधी भेटतो हे कळतं की नाही? झाली राष्ट्रीय सुरक्षा!

खरेदीचे छोटे तुकडे करा, दर थोड्या आठवड्यांनी चालतं सॉफ्टवेअर बघा, कोड पहिल्या दिवसापासून आपल्या ताब्यात ठेवा, असं खात्यांना सांगत फिरणारा ‘१८एफ’ नावाचा एक सरकारी चमू २०१४ पासून होता. १ मार्च २०२५ रोजी तो बंद केला गेला. त्यामुळे आता अडलंच काही, तर सरळ कंत्राटदाराला फोन लावा. पहिल्या रिंगला उचलतात, आणि बिल उचलल्या क्षणापासून चालू होतं.