काम कुठे थांबवायचं, हे आधी ठरलेलं हवं

नमस्कार. बांधकामातल्या सुरक्षिततेबद्दल मी जे मांडलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया प्रत्यक्ष साईट चालवणाऱ्या माणसाची आहे, म्हणून दोन ओळींत न आटोपता सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नियम वाढले की फायली वाढतात, इमारत काही सुरक्षित होत नाही. अपघात बहुतेक वेळा कामगारांच्या निष्काळजीपणामुळे होतात, हार्नेस (उंचीवरून पडू नये म्हणून अंगावर बांधायचे पट्टे) दिला तरी ते लावत नाहीत. शिकाऊ मुलाला वर्षभर शिकवलं की तो चार पैसे जास्त मिळतात म्हणून दुसऱ्या ठेकेदाराकडे जातो. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की गवंडीकामात तीन वर्षं शिकण्यासारखं आहे तरी काय.

फायलींबद्दल तुमचं बरंचसं पटतं. महिन्यातून एकदा येणाऱ्या तपासनीसाला स्लॅबच्या सळया दिसतच नाहीत. तो येतो तोवर त्या काँक्रीटमध्ये गेलेल्या असतात आणि त्याच्या हाती फक्त सह्या केलेले कागद लागतात. बांधकामात प्रत्येक काम मागच्या कामाला झाकत जातं. पायावर भराव पडतो, सळयांभोवतीच्या रिंगांवर काँक्रीट पडतं, पाइपांवर गिलावा चढतो. म्हणून माझी मागणी नियमांच्या संख्येबद्दल नाही. झाकण्याआधी काम थांबलं पाहिजे, कोणाच्या होकाराशिवाय पुढे जायचं नाही हे ठरलेलं असलं पाहिजे, आणि त्या थांबण्याचे पैसे निविदेतच धरलेले असले पाहिजेत. बाकी सगळं माझ्या दृष्टीने दुय्यम आहे.

स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशीचं थांबणं घ्या. कव्हर ब्लॉक, म्हणजे सळया साच्यापासून उचलून धरणारे छोटे ठोकळे, जागेवर आहेत की सळया साच्याच्या फळीवर टेकल्यात, हे आधी बघायचं. सळई टेकलेली असेल तर काही वर्षांत ती गंजते, फुगते आणि खालचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटतं. रिंगांचे हूक आत वळवलेत का? सगळे जोड एकाच रेषेत तर आले नाहीत ना? वरच्या सळया खाली दबू नयेत म्हणून त्यांना उचलून धरणाऱ्या सळईच्या खुर्च्या ठेवल्यात का? छज्ज्याची मुख्य सळई वरच हवी, ती माणसांच्या पायांनी खाली दबली की छज्जा साचा काढताच वाकतो. टेकू ओळंब्यात, म्हणजे सरळ उभे, आहेत का, त्यांच्या खाली घट्ट जमीन किंवा रुंद फळी आहे का? ताज्या भरावावर विटेचा तुकडा ठेवून उभा केलेला टेकू काँक्रीटचं वजन आलं की खचतो. हे सगळं तासाभरात बघून होतं. अडचण अशी की मिक्सर आणि मजूर सकाळी सातला बोलावलेले असतात आणि त्या तासाचा हिशेब कोणीच धरलेला नसतो.

ब्रिटनने हे फार मोठी किंमत देऊन कायद्यात आणलं. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली, ती बाहेरून बसवलेल्या ज्वलनशील आवरणामुळे झपाट्याने पसरली आणि ७२ माणसं गेली. त्यानंतरच्या २०२२च्या बिल्डिंग सेफ्टी अॅक्टनुसार इंग्लंडमध्ये १८ मीटर किंवा सात मजल्यांपासून पुढच्या निवासी इमारतींना नियामकाची मंजुरी मिळेपर्यंत बांधकाम सुरू करता येत नाही, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत तिथे माणसं राहायला जाऊ शकत नाहीत. तिथल्या ठेकेदारांची तक्रारही खरी आहे: ठरलेल्या १२ आठवड्यांपेक्षा मंजुरीला कितीतरी जास्त वेळ लागत आला. थांबा ठेवायचा पण तपासणारी पुरेशी माणसं नेमायची नाहीत, असं केलं तर चांगला नियमही लोकांच्या मनातून उतरतो. यात दोष ठेकेदारांचा नाही.

आता निष्काळजीपणाबद्दल. २७ एप्रिल १९७८ रोजी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड इथे वीजकेंद्राचा कूलिंग टॉवर बांधला जात होता. तिथली परांची टॉवरच्याच काँक्रीटला बोल्टने धरलेली होती आणि टॉवर वाढेल तशी वर सरकवली जात होती. आदल्या दिवशी ओतलेल्या थराने पुरेशी ताकद धरलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यावर भार आला, थर सुटला आणि परांचीवरचे ५१ कामगार खाली कोसळले. त्यांतला कोणीही निष्काळजी नव्हता. काँक्रीट थंडीत सावकाश ताकद धरतं, म्हणून साचा किंवा टेकू कॅलेंडर बघून काढायचे नसतात. त्याच मालाचे क्यूब, म्हणजे चाचणीचे ठोकळे, त्याच स्लॅबशेजारी, त्याच हवेत ठेवायचे आणि ते फोडून ताकद बघायची. प्रयोगशाळेच्या उबदार पाण्याच्या टाकीतला क्यूब उघड्यावरच्या स्लॅबची खरी अवस्था सांगत नाही.

हार्नेसचंही तसंच आहे. पडणारा माणूस थांबेपर्यंत किती जागा लागते ते मोजा: १.८ मीटरची दोरी, झटका शोषणारा पट्टा उघडून वाढणारे सुमारे १.१ मीटर, पाठीच्या कड्यापासून टाचेपर्यंत १.५ मीटर, पट्ट्यांचा ताण ०.३ आणि शिवाय खाली किमान ०.६ मीटर मोकळं अंतर. बेरीज झाली ५.३ मीटर. म्हणजे हूक जिथे अडकवला त्याच्या खाली एवढी जागा हवी. तीन मीटर उंच मजल्याच्या कडेला पायापाशी हूक अडकवलेला माणूस हार्नेससकट जमिनीवर आपटेल. तो हार्नेस लावत नाही म्हणून तुम्ही चिडता, पण हूक अडकवायला डोक्याच्या वर पक्की जागा आहे का, हे आधी बघा. कडेला साधारण एक मीटर उंचीचा कठडा, मधली आडवी पट्टी आणि खाली १० ते १५ सेंटीमीटरची पायफळी बसवली की माणसाच्या लक्षात राहण्यावर काही अवलंबून राहत नाही. हार्नेस वापरणारच असाल तर लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली कसं आणायचं, हेही आधी ठरवा. पट्ट्यांत निश्चल लटकून राहिलं की पायांत रक्त साचतं आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो.

खड्ड्यांचा उल्लेख तुमच्या प्रतिक्रियेत नाही, पण तो करायलाच हवा. एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते. कमरेपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाला हाताने ओढून काढता येत नाही, आणि छातीपर्यंत माती आली तर श्वास घ्यायला बरगड्याच फुलत नाहीत. दीड मीटरपेक्षा खोल चराला उतार द्या, पायऱ्या करा किंवा फळ्या लावून आधार द्या. उपसलेली माती कडेपासून किमान ०.६ मीटर लांब टाका. आतल्या कोणत्याही माणसापासून सात-साडेसात मीटरच्या आत शिडी ठेवा. रोज काम सुरू करण्याआधी आणि प्रत्येक पावसानंतर कडेला समांतर भेगा पडल्यात का ते बघा. अशी भेग दिसली की कोणत्याही बिगाऱ्याला सगळ्यांना वर बोलावता आलं पाहिजे, आणि त्यासाठी त्याची हजेरी कापली जाता कामा नये. हजेरी कापली की पुढच्या वेळी त्याला भेग दिसूनही दिसत नाही.

उन्हाबद्दल थोडक्यात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २० टक्केच काम, मग रोज २० टक्क्यांनी वाढ. सवय असलेला पण सुट्टीवरून आलेला असेल तर पहिल्या चार दिवसांत ५०, ६०, ८०, १०० टक्के. दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर, साधारण पाव लिटर पाणी. आणि शौचालय जवळ हवं. ते नसेल तर बायका तहान मारून काम करतात, मग पाण्याचा पिंप ठेवून उपयोग काय? टाइल किंवा काँक्रीट कोरडं कापू नका. कटरला मिनिटाला किमान अर्धा लिटर पाण्याची धार लावा. सिलिकाची धूळ फुप्फुसात जे व्रण करते ते भरून येत नाहीत.

पगाराचाही स्वास्थ्याशी थेट संबंध आहे. मालक मुख्य ठेकेदाराला उशिरा देतो, तो पोटठेकेदाराला, तो मुकादमाला, आणि सगळा उशीर शेवटी मजुराच्या घरी जाऊन साचतो. ब्रिटनच्या १९९६च्या कायद्याने 'मला मिळाले की तुला देतो' ही अट, वरचा देणेकरी दिवाळखोर होण्याचा अपवाद सोडून, निष्प्रभ केली. हा नियम तुमच्याही फायद्याचा आहे.

शिकाऊ मुलं निघून जातात, हे दुखणं खरं आहे. एकट्या ठेकेदाराने खर्च करायचा आणि फायदा शेजाऱ्याने घ्यायचा, तर कोण शिकवेल? उपाय वर्गणीचा आहे. जर्मनीत बांधकाम कंपन्या सोका-बाऊ या सामाईक निधीत पैसे भरतात आणि जी कंपनी शिकवते तिला शिकाऊंच्या वेतनाचा मोठा भाग त्यातून परत मिळतो. ब्रिटनमध्ये १९६४च्या औद्योगिक प्रशिक्षण कायद्यानंतर बांधकामासाठी असाच वर्गणीचा पायंडा पडला. मुलगा दुसरीकडे गेला तरी तिथल्या मालकाने वर्गणी भरलेली असतेच. पण एक गोष्ट तुमच्याच हातात आहे. ज्याला वर्षभर फक्त घमेली उचलायला लावली तो जाणारच. दर तीन महिन्यांनी त्याने काय नवीन शिकलं ते वहीत लिहा, कारागिराची सही घ्या, आणि त्या सहीबरोबर मजुरी वाढवा. शिकवणाऱ्या कारागिराचं त्या दिवशी काम कमी होणार, तेही दरात धरा. अंगावर काम घेतलेला गवंडी फुकट शिकवणार नाही, आणि त्याला बोल लावता येत नाही.

राहिला तीन वर्षांचा प्रश्न. पहिल्या काही महिन्यांत ओळंबा, काटकोन बघायचा गुण्या, पातळी बघायची पाण्याची नळी. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर दोन्ही टोकांची पातळी खोटी दाखवली जाते, हे स्वतः चुकल्याशिवाय लक्षात राहत नाही. ३, ४ आणि ५ मीटरने काटकोन काढणं, मग दोन्ही कर्ण मोजून ताडणं. मग माल: सिमेंटचा माल दोन तासांत संपवायचा, आवळू लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा मऊ करायचा नाही. विटा आधी भिजवायच्या, नाहीतर त्या मालातलं पाणी शोषतात आणि सांधा भुसभुशीत राहतो. भिंत एका दिवसात दीड मीटरपेक्षा वर न्यायची नाही, कारण खालचे सांधे अजून ओले असतात आणि वजनाने सरकतात. काम अर्धवट सोडताना पायऱ्या सोडायच्या, उभे दाते नाहीत. दुसऱ्या वर्षी कोपरे, खांब, लिंटेल, नकाशा वाचणं, मालाचा हिशेब. तिसऱ्या वर्षी त्याने एक खोली पायापासून स्वतः आखून उभी करायची, कारागिराने फक्त बघायचं. आणि जिथे तो मुलगा स्वतःहून थांबून म्हणेल, "इथे ओळंबा चुकलाय, दोन थर काढायला हवेत," त्या पानावर सही करायची.