‘अपडेट बंद करा’ सांगणाऱ्या त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

‘व्यापारी बंधूंनो, कॉम्प्युटर कंपन्या तुमच्यापासून लपवतात ती सात सत्यं’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या सांगली-मिरजेच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा सारांश असा: ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे स्क्रीनवरचा नुसता देखावा, एकदा घेतली की कायमची. अपडेट ही जुनं मशीन संथ करायची आणि तुमचे हिशेब चोरायची युक्ती, म्हणून ते बंद करा. अँटीव्हायरस हा निव्वळ धंदा, तोही बंद करा. क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेलं फुकटचं सॉफ्टवेअर छोट्या व्यापाऱ्याला चालतं, कायदा फक्त मोठ्या कंपन्यांना. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम घ्या, तिला व्हायरस लागतच नाही. बॅकअप डी ड्राइव्हवर ठेवला की पुरे. आणि दर सहा महिन्यांनी मशीन फॉरमॅट मारा.

हा मेसेज माझ्या धाकट्या मामांपर्यंत पोचला. गणपती पेठेत त्यांचं घाऊक किराणा मालाचं दुकान आहे. तिथल्या दिवाणजींनी मेसेज वाचून सर्व्हिसेसच्या यादीत ‘विंडोज अपडेट’ शोधलं, डिसेबल केलं आणि वर मामांना सांगितलं, “मालक, आता मशीन पळतंय बघा.” उधारीची सगळी खाती ज्या मशीनवर आहेत, तेच हे मशीन. मी कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांत आणि मार्केट यार्डातल्या पेढ्यांवर संगणकांची देखभाल करतो. असल्या सल्ल्यांचे परिणाम शेवटी आमच्यासारख्यांच्या टेबलावर येतात, आणि तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून राग आला, आणि म्हणून लिहितोय.

पहिलं सत्य म्हणे असं की ऑपरेटिंग सिस्टिम हा देखावा आहे. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, बिल करून तुम्ही प्रिंट म्हणता तेव्हा टॅली प्रिंटरशी बोलत नाही. ते काम टॅली विंडोजकडे देतं. विंडोज ते रांगेत लावतं आणि ड्रायव्हरमार्फत, म्हणजे त्या प्रिंटरसाठीच्या छोट्या प्रोग्रॅममार्फत, प्रिंटरला पाठवतं. नोंद सेव्ह होते तेव्हाही डिस्कवर लिहायचं काम विंडोजच करतं. कोणत्या प्रोग्रॅमला कोणती फाइल उघडू द्यायची, कोणाला नेटवर्कवर जाऊ द्यायचं, मेमरी कोणाला किती द्यायची, हे सगळं ठरवणारी ऑपरेटिंग सिस्टिम. टॅली, एक्सेल, ब्राउझर ही ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर्स तिच्या परवानगीने चालतात.

मालकाने हे समजून घ्यायचं कारण तांत्रिक हौस नाही. टॅलीला पासवर्ड आहे म्हणून डेटा सुरक्षित, असं बहुतेकांना वाटतं. टॅलीचं डेटा फोल्डर उघडून बघा. आत आकडी नावांची फोल्डरं दिसतील, एका कंपनीच्या हिशेबाचं एक. विंडोजच्या दृष्टीने त्या साध्या फाइली आहेत. विंडोजमध्ये शिरलेल्या खंडणीखोर व्हायरसला टॅलीचा पासवर्ड लागत नाही. तो त्या फाइली आहेत तशा उचलून कुलूपबंद करतो, आणि नंतर टॅली उघडलं तरी आत वाचण्याजोगं काही उरत नाही.

आता अपडेट. सगळ्यात घातक मुद्दा हाच, त्यामुळे यावर सविस्तर लिहितो.

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. युरोपोल या युरोपातल्या पोलीस संस्थेच्या त्या वेळच्या अंदाजानुसार दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्यात सापडले. केरळमधल्या ग्रामपंचायतींची मशीनंसुद्धा त्यातून सुटली नाहीत. फाइली कुलूपबंद व्हायच्या आणि स्क्रीनवर मागणी यायची: ३०० डॉलरचे बिटकॉइन द्या, तीन दिवसांनी दुप्पट. हा व्हायरस विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका भोकातून शिरत होता. लक्षात घ्या, फाइल शेअरिंग. दुकानात काउंटरवरचं मशीन आणि आतल्या खोलीतलं हिशेबाचं मशीन एकच टॅली फोल्डर वापरतात, ते त्याच शेअरिंगवर. कोणी कुठली लिंक दाबायची गरजच नव्हती. एका मशीनला लागण झाली की तो शेजारच्या मशीनवर आपणहून उडी मारायचा.

ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिलं होतं. हल्ल्याच्या जवळजवळ दोन महिने आधी.

ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना या हल्ल्याचा जबर फटका बसला. त्यांच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने, म्हणजे तिथल्या कॅगसारख्या संस्थेने, ऑक्टोबर २०१७ मध्ये चौकशी अहवाल दिला. मेसेज लिहिणाऱ्याने निदान तो तरी वाचायला हवा होता. रुग्णालयं चालवणाऱ्या २३६ पैकी किमान ८० संस्थांचं काम विस्कळीत झालं. ६,९१२ अपॉइंटमेंट रद्द झाल्याची नोंद सापडली आणि प्रत्यक्षातला आकडा १९ हजारांवर असावा असा अंदाज दिला गेला. अपडेट टाका अशा सूचना तिथे १७ मार्चला आणि पुन्हा २८ एप्रिलला गेल्या होत्या. अहवालातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे, बाधित झालेली बहुतेक मशीनं फार जुनी नव्हती. त्यांच्यावर विंडोज ७ होतं आणि त्या वेळी त्याला कंपनीचा सपोर्ट चालू होता. अपडेट आलेलं होतं, फक्त कोणी टाकलं नव्हतं. दिवाणजींनी मामांच्या मशीनची जी गत केली, नेमकी तीच.

आणि हिशेब कोण चोरतं? अपडेटमधून हिशेब चोरले जातात याचा एकही पुरावा त्या मेसेजमध्ये नाही. अपडेट न टाकल्यामुळे हिशेब कुलूपबंद झाले याचे पुरावे जगभर पडलेत.

वॉनाक्रायनंतर दीडच महिन्यात, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या आला. तासगावच्या द्राक्ष-बेदाण्याचे कंटेनर ज्या न्हावाशेव्याहून जातात, त्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्याने थांबवलं. नॉटपेट्यानेही तेच भोक वापरलं, जे बुजवणारं अपडेट येऊन तीन महिने झाले होते. इथे मला एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागेल. नॉटपेट्याचा मूळ शिरकाव युक्रेनमधल्या एका करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाला होता. म्हणजे अपडेट देणाऱ्याच्या घरातच चोर शिरला तर अपडेटमधूनही विष येऊ शकतं. हे झालेलं आहे, नाकारण्यात अर्थ नाही.

तसंच १९ जुलै २०२४ चं. मेसेजमध्ये त्याचं भांडवल केलंय: ‘अपडेटने विमानतळ बंद पाडले, आठवतंय ना?’ आठवतंय. सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळी स्क्रीन दाखवून बंद पडली, आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. पण ते विंडोजचं अपडेट नव्हतं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची ती सदोष फाइल होती, आणि ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या घेतात. गणपती पेठेत ते कोणाकडे असेल असं मला वाटत नाही. कंपनीने फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली, आणि कोणाचा डेटा कुलूपबंद झाला नाही. एका बाजूला काही तास किंवा दिवस बंद पडलेलं मशीन आणि दुसऱ्या बाजूला कायमचे गेलेले हिशेब, या दोन गोष्टी एका पारड्यात टाकणं हा खोटेपणा आहे.

अपडेटचा त्रास होतो, हे खरंच आहे. भर गर्दीत मशीन रीस्टार्ट मागतं. २०२१ मध्ये प्रिंटिंगमधलं एक भोक बुजवताना अनेकांचे नेटवर्क प्रिंटर रुसले होते, तेव्हा मीही वैतागलो होतो. त्यावर उपाय सेटिंग्जमध्येच आहे. मायक्रोसॉफ्टची महिन्याची मुख्य अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतात, म्हणजे ८ ते १४ तारखेच्या दरम्यान. जीएसटीची विवरणपत्रं दरमहा भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ ची तारीख ११, ३बी ची २०. अपडेट थोडे दिवस पॉज करा, ११ तारीख उरकू द्या, मग २० च्या आत एखाद्या शनिवारी रात्री दुकान बंद करताना लावून जा. पॉज आणि डिसेबल यांत फरक आहे. पॉजची मुदत संपली की मशीन स्वतःहून अपडेट मागतं, डिसेबल केलेलं कोणालाच आठवत नाही.

‘एकदा घेतलं की कायमचं’ हेही खोटं. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० साठी नोंदणी करून वाढीव सुरक्षा अपडेट घ्यायची सोय दिली गेली, पण तीही मुदतीची. मशीन या तारखेनंतरही चालू राहतं, त्यामुळे लोक फसतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर लागतात, म्हणून अनेक धडधाकट मशीनं बाद ठरतात. या गोष्टीचा राग व्यापाऱ्याला येतो आणि तो रास्त आहे. मालाच्या गाडीचा इन्शुरन्स कधी संपतो हे मालकाला तोंडपाठ असतं, तशी ही तारीखही त्याला ठाऊक असायला हवी. ती विक्रेत्यावर सोडू नये.

आता क्रॅक. कायदा मोठ्यांनाच लागू, असं लिहिणाऱ्याने कायदा उघडून पाहिलेला नाही. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ६३बी: बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं तुरुंगवास, आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. त्यात सवलत आहे, पण ती कोणाला? ज्याचा वापर फायद्यासाठी किंवा धंद्यासाठी नाही, त्याला तुरुंगवास न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडायची मुभा न्यायालयाला आहे. म्हणजे सवलत घरच्या वापराला आहे आणि व्यापारी नेमका तिच्या बाहेर आहे. मेसेजने अगदी उलटं सांगितलंय. ज्यांची प्रायव्हेट लिमिटेड आहे त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा ऑडिट ट्रेल असावाच लागतो. जुनी क्रॅक आवृत्ती तिथे काय दाखवणार?

कायदा बाजूला ठेवला तरी क्रॅकबरोबर येणारी सूचनांची फाइल वाचा. पहिली ओळ जवळजवळ नेहमी हीच: आधी विंडोज डिफेंडर (विंडोजमधलाच अँटीव्हायरस) बंद करा. दुसरी: ही फाइल ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून चालवा. म्हणजे पहारा उठवा, आणि एका अनोळखी माणसाने बनवलेल्या प्रोग्रॅमला अख्ख्या मशीनचा ताबा द्या. ज्या मशीनवरून तुम्ही नेटबँकिंग करता, त्याच मशीनचा. पैसे वाचवायचेच असतील तर एक्सेलच्या जागी लिबरऑफिस घ्या. ते अधिकृतरीत्या फुकट आहे.

अँटीव्हायरसबद्दल अर्धं खरं. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीच असतो, त्यामुळे दुकानाच्या साध्या मशीनला वेगळा विकत घ्यायलाच हवा असं नाही. पण मेसेज तो बंद करायला सांगतो, आणि त्याला माझी हरकत आहे.

लिनक्स मला स्वतःला आवडतं. कारखान्यातल्या गेटवर नोंदी करायला, नुसतं ब्राउझर आणि पत्रव्यवहार असेल तिथे, बाद ठरलेल्या मशीनवर मी ते बसवूनही देतो. पण टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे, अडतीच्या पट्ट्या करणारी बरीचशी सॉफ्टवेअर्सही. आधी कामाचं सॉफ्टवेअर ठरवा, मग त्याला चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम. मेसेज हे उलटं करायला लावतो. आणि व्हायरस लागतच नाही? २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, ते लिनक्सवर चालणारेच होते. कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते, एवढंच त्याला पुरलं. दुकानातल्या सीसीटीव्हीच्या डब्याचा पासवर्ड तुम्ही बदललाय का?

डी ड्राइव्हचा सल्ला सांगलीत कोणी द्यावा याचं मला नवल वाटतं. बहुतेक मशीनमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. व्हायरस आला तर दोन्ही कुलूपबंद, शिवाय लावून ठेवलेला पेन ड्राइव्हही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ असताना. गणपती पेठेत पाणी शिरलं तेव्हा टेबलाखालच्या सीपीयूत सी काय आणि डी काय! २०२१ मध्ये पुन्हा तेच. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. म्हणून बाहेरची हार्ड डिस्क घ्या, बॅकअप झाला की काढून ठेवा, आणि ती दुकानात न ठेवता विश्रामबागेतल्या किंवा जिथे पूर येत नाही अशा घरी ठेवा. तिमाहीत एकदा त्यातून एखादी कंपनी दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून उघडते का, तेही बघा.

दर सहा महिन्यांनी फॉरमॅट करायची काहीही गरज नाही. त्यात डेटा कॉपी करायचा राहून जातो, प्रिंटरचे ड्रायव्हर जातात, आणि फॉरमॅट मारणाऱ्याचा धंदा होतो.

ज्या ग्रुपवर हा मेसेज आहे, त्यांच्या ॲडमिननी तो काढावा. ज्यांनी वाचून अपडेट बंद केलं असेल त्यांनी आधी टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा. मग स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ लिहून यादी उघडावी, ‘विंडोज अपडेट’वर डबल क्लिक करून स्टार्टअप टाइप ‘डिसेबल्ड’वरून ‘मॅन्युअल’ करावा, आणि सेटिंग्जमध्ये जाऊन ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबावं. बरेच महिने साठलं असेल तर दोन-तीनदा रीस्टार्ट होईल आणि चांगलाच वेळ जाईल, मध्येच बटण दाबून मशीन बंद करू नका. दिवाणजींकडून मी हे शनिवारी रात्री समोर बसून करून घेतलं.